परक्याचे रण, गरिबाचे मरण

गेल्या उन्हाळ्यात आम्ही नात्यातील एका लग्नाला गेलो होतो. बुद्धवंदना झाली, वधूवरांनी एकमेकांना हार घातले आणि इतक्यात मंडपावर घूंऽऽ असा आवाज सुरू झाला. पोरेबाळे माना वर करून ओरडू लागली. चार पंख्यांचे, ताटाएवढे एक यंत्र मंडपावरून फिरत होते आणि खाली फोटोवाल्याचा पोरगा हातातल्या डबीवर दोन अंगठे ठेवून त्याला हवे तिकडे नाचवीत होता. ड्रोनचे शूटिंग आता आपल्या वस्तीतल्या लग्नांतही आले आहे. हौस आहे, होऊ द्यावी.

पंगत उठल्यावर नवरीची मावशी आमच्याजवळ येऊन बसली. जयभीम झाला. मग पदराआडून फोन काढून ती हळूच म्हणाली, "भाऊ, तुम्ही लिहिता, चार ठिकाणी तुमचे जाणेयेणे असते. एवढे बघून सांगा, खरे की खोटे?" फोनवर एक जाहिरात होती. रशियात हेल्पर पाहिजेत. लढाईचे काम नाही. राहणे-खाणे मोफत. पगार महिना दोन लाख रुपये. तिचा मुलगा आयटीआय करून तीन वर्षे एमआयडीसीत कंत्राटावर राबतो आहे. महिन्याकाठी हातात बारा-तेरा हजार पडतात, तेही कंत्राटदाराच्या मर्जीने. दलालाने तीन लाख मागितले होते. मावशी कानातले मोडून आणि बचत गटाचे कर्ज काढून पैसे उभे करण्याच्या बेतात होती.

डोक्यावर फिरणारे ते यंत्र आणि मावशीच्या फोनवरची ती जाहिरात यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असे त्या मंडपात कुणाच्या मनातही आले नसते. परंतु संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. तो आमच्या वाचक बंधुभगिनींना नीट समजावा म्हणून हा लेख.

खेळण्याचे हत्यार झाले

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाच्या फौजा युक्रेन या शेजारी देशात घुसल्या. आरंभी सर्वांना वाटले होते की रणगाडे, तोफा, विमाने यांवरच या युद्धाचा निकाल लागेल. पण थोड्याच दिवसांत दोन्ही बाजूंच्या सैनिकांच्या हातात लग्नाच्या शूटिंगचे ते चिनी ड्रोन दिसू लागले. प्रथम शत्रूचा खंदक कोठे आहे हे पाहण्यापुरताच त्याचा उपयोग होता. पुढे कुणीतरी त्याला हातबॉम्ब टांगला आणि खंदकावर नेऊन वरून सोडला. लग्नातला कॅमेरा असा बॉम्ब टाकणारा झाला. ड्रोन बनविणाऱ्या डीजेआय या चिनी कंपनीने एप्रिल २०२२ मध्ये दोन्ही देशांतील आपली विक्री थांबविली. तरीही इतर देशांतून, दुकानदारांच्या हातून माल जातच राहिला.

ही युक्ती युक्रेनमध्ये प्रथम निघाली असे मात्र नव्हे. इराकमधील मोसूल शहराच्या लढाईत २०१६-१७ साली इसिसच्या लोकांनी बाजारातल्या ड्रोनवरून बॉम्ब टाकले होते. जानेवारी २०१८ मध्ये सीरियातील रशियाच्या तळांवर तेरा घरगुती ड्रोन चालून आले. म्यानमारमध्ये २०२१ साली लष्कराने सत्ता बळकावल्यानंतर तिथल्या तरुणांनीही जंगलात बसून ड्रोन जोडले. आपल्या देशात २७ जून २०२१ रोजी जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनमधून स्फोटके पडली. परंतु जे इतरत्र तुरळक होते, ते युक्रेनमध्ये रोजचे आणि हजारोंच्या संख्येने झाले.

त्यात एक नवा प्रकार निघाला. हौशी लोक शर्यती लावण्यासाठी जे लहान, वेगवान ड्रोन उडवितात, त्यालाच स्फोटकाचा गोळा प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी आवळून बांधायचा. ड्रोनच्या नाकावर कॅमेरा असतो. उडविणारा माणूस कित्येक किलोमीटर मागे तळघरात डोळ्यांवर चष्म्यासारखा पडदा लावून बसतो. ड्रोन जे पाहील ते त्याला दिसते. जणू तो स्वतःच उडत आहे. त्याने एखादा माणूस हेरला की ड्रोन त्याच्यामागे जाते. तो पळाला तर पळते, झाडाआड लपला तर वळसा घालते, खंदकात शिरला तर खंदकात शिरते. हे ड्रोन परत येत नाही. ते स्वतःच फुटते.

आणि याची किंमत किती? चारपाचशे डॉलर, म्हणजे आपल्याकडे पस्तीस-चाळीस हजार रुपये. एका बऱ्यापैकी मोबाईलची किंमत. युक्रेनमध्ये अनेक नागरिकांनी घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून असे ड्रोन जोडले. डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की यांनी पुढच्या एका वर्षात दहा लाख ड्रोन बनविण्याची घोषणा केली. रशियानेही तेवढ्याच जोमाने कारखाने काढले.

ड्रोनला अडवायला रेडिओच्या लहरी बिघडविणारी यंत्रे आली. त्यावर तोड म्हणून २०२४ पासून काचतंतूच्या धाग्याला जोडलेले ड्रोन आले. पतंगाला मांजा असावा तसा दहा-वीस किलोमीटरचा बारीक धागा हे ड्रोन मागे सोडीत जाते. धाग्यातूनच हुकूम जातो आणि चित्र येते, मग लहरी बिघडवून उपयोग काय? लढाईच्या भागातील शेते आणि झाडे अशा धाग्यांच्या जाळ्यांनी भरून गेली. रस्त्यांवरून सुखरूप जाता यावे म्हणून मैलोगणती जाळी टांगावी लागली. फ्रान्सच्या किनाऱ्यावरील कोळ्यांची जुनी जाळीही त्यासाठी तिकडे पाठविण्यात आली.

१ जून २०२५ रोजी तर युक्रेनने मालट्रकांवरील लाकडी खोल्यांमध्ये ११७ ड्रोन लपवून ते रशियाच्या आत पार सैबेरियापर्यंत नेले आणि तिथून विमानतळांवर उभी असलेली बॉम्बफेकी विमाने पेटवून दिली. कोट्यवधींचे विमान आणि त्याला जाळणारे काही हजारांचे ड्रोन!

हे वाचून कुणाला वाटेल की गरिबाच्या हाती बलाढ्याशी लढण्याचे हत्यार आले. ज्या देशावर चाल झाली त्याला या हत्याराने तग धरता आला, हे खरे आहे. परंतु हत्यार स्वस्त झाले की मारणेही स्वस्त होते. युक्रेनच्या खेरसोन शहरात नदीपलीकडून येणाऱ्या रशियन ड्रोननी रस्त्यावर चालणारी, सायकलवर जाणारी, बसची वाट पाहणारी साधी माणसे टिपली. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने मे २०२५ मध्ये हा मानवतेविरुद्धचा गुन्हा आहे असे स्पष्ट म्हटले. या माणसांच्या हातात बंदूक नव्हती, बाजाराची पिशवी होती.

मग माणसे कमी पडू लागली

ज्या रणात डोक्यावर सदैव अशी यंत्रे घिरट्या घालतात, तिथे पुढे जायला कोण तयार होईल? रशियाच्या सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये तीन लाख राखीव माणसांना सक्तीने बोलाविले, तेव्हा लाखो तरुण देश सोडून पळाले. शहरातल्या सुशिक्षित घरांतली पोरे पुन्हा ओढली तर लोक बिथरतील, हे राज्यकर्त्यांनी ओळखले. मग त्यांनी दुसरीकडे हात घातला. प्रथम तुरुंगातले कैदी नेले. मोठमोठ्या रकमांची लालूच दाखवून मागास प्रांतांतील गरीब नेले. आणि त्यानंतर पाळी आली परदेशी माणसांची.

४ जानेवारी २०२४ रोजी रशियाच्या अध्यक्षांनी हुकूम काढला की निदान एक वर्षाचा लष्करी करार करणाऱ्या परदेशी माणसाला आणि त्याच्या कुटुंबाला नागरिकत्व लवकर मिळेल. नेपाळचे तेव्हाचे पंतप्रधान प्रचंड यांनी डिसेंबर २०२३ मध्ये सांगितले की दोनशेहून अधिक नेपाळी रशियन फौजेत आहेत. त्यांपैकी सहा जण मेल्याचे त्याच महिन्यात नेपाळ सरकारने जाहीर केले आणि जानेवारी २०२४ मध्ये रशिया व युक्रेन या दोन्ही देशांत कामाला जाण्याचे परवाने बंद केले. क्यूबा सरकारने सप्टेंबर २०२३ मध्येच आपल्या तरुणांना रशियन फौजेत लोटणाऱ्या टोळीचा बोभाटा केला होता. श्रीलंकेतून निवृत्त सैनिक गेले. युक्रेननेही युद्धाच्या चौथ्याच दिवशी परदेशी स्वयंसेवकांचे दल उभारले. त्यात काही तत्त्वासाठी गेले, तर कोलंबियासारख्या देशातील माजी सैनिक पगारासाठीही गेले.

वाचकहो, या देशांची यादी पुन्हा एकदा वाचा. नेपाळ, क्यूबा, श्रीलंका, कोलंबिया. ज्या देशात तरुणाला काम नाही, त्याच देशातून माणूस उचलला जातो. नकाशावर बोट ठेवून बघितले तर युद्ध युरोपात दिसते, पण मरणारा पुष्कळदा आपल्यासारख्याच एखाद्या पत्र्याच्या घरातून गेलेला असतो.

आमिष म्हणून उभा केलेला माणूस

परदेशी सैन्याची सर्वांत मोठी तुकडी आली उत्तर कोरियातून. जून २०२४ मध्ये रशिया आणि उत्तर कोरिया यांच्यात करार झाला. ६ ऑगस्ट २०२४ रोजी युक्रेनने उलट रशियाच्याच कुर्स्क प्रांतात घुसून काही भाग ताब्यात घेतला. तो परत मिळविण्यासाठी त्या वर्षीच्या हिवाळ्यात दहा हजारांहून अधिक कोरियन सैनिक तिथे उतरविण्यात आले. कित्येक महिने दोन्ही सरकारांनी ही गोष्ट कबूल केली नाही. आपला मुलगा कुठे आहे, हे घरच्यांना उघडपणे विचारण्याचीही सोय नव्हती. शेवटी एप्रिल २०२५ मध्ये दोघांनीही कबुली दिली. तोवर दक्षिण कोरियाच्या गुप्तचर खात्याच्या अंदाजाप्रमाणे सुमारे सहाशे सैनिक मेले होते आणि जखमी धरून हा आकडा पाच हजारांच्या जवळ गेला होता.

ही पोरे शिस्तीची होती, धट्टीकट्टी होती. पण ड्रोनची लढाई त्यांनी पाहिलेली नव्हती. बर्फाने पांढऱ्या पडलेल्या उघड्या मैदानातून ती रांगेने पुढे गेली आणि वरून टिपली गेली. एका मृत सैनिकाजवळ सापडलेली वही युक्रेनच्या सैन्याने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात ड्रोन पाडण्याची रीत लिहिलेली होती: तिघांनी मिळून काम करायचे; एकाने आमिष म्हणून सात मीटरवर स्तब्ध उभे राहायचे; त्याला मारायला ड्रोन थांबले की बाकी दोघांनी ते गोळ्या घालून पाडायचे.

आमच्या हातून ही ओळ वाचून पुढे जाववेना. गळाला गांडूळ लावावे तसा माणूस! चाळीस हजारांचे यंत्र पाडायला एक आईचा मुलगा उभा करायचा.

जानेवारी २०२५ मध्ये युक्रेनने यांतले दोघे जखमी सैनिक पकडले. एकाजवळ रशियातील तुवा प्रांताच्या कुणा भलत्याच माणसाच्या नावाचे ओळखपत्र होते. आपण युद्धाला नव्हे, प्रशिक्षणाला चाललो आहोत असे आपल्याला वाटत होते, असे त्याने सांगितल्याचे युक्रेनने जाहीर केले. म्हणजे तो मेला असता तर दुसऱ्याच्या नावाने मेला असता. ज्यांच्या पूर्वजांना गावाने कधी धड नावाने हाक मारली नाही, त्या आमच्या वाचकांना या गोष्टीचे दुःख अधिक सांगायला नको.

आपली पोरे तिथे कशी पोहोचली

आता मावशीच्या फोनकडे वळू. २०२३ च्या अखेरीस आणि २०२४ च्या आरंभी भारतातील तरुणांना यूट्यूबवरून, दलालांकडून अशाच जाहिराती येत होत्या. काम हेल्परचे, पहारेकऱ्याचे, मालवाहतुकीचे. लढायचे नाही, असे बजावून सांगितले जाई. कुणाला पर्यटनाचा व्हिसा, कुणाला शिक्षणाचा. मॉस्कोत उतरल्यावर पासपोर्ट काढून घ्यायचा, रशियन भाषेतल्या कागदावर सही घ्यायची आणि काही दिवसांचे जुजबी शिक्षण देऊन सीमेवर धाडायचे. ज्या कागदावर सही केली तो लष्करी करार होता, हे पुष्कळांना खांद्यावर बंदूक आल्यावर कळले.

२१ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरतेचा २३ वर्षांचा एक तरुण युक्रेनच्या दोनेत्स्क भागात असाच मेला. मदतनीसाचे काम म्हणून तो गेला होता. त्याच्याबरोबरच्या भारतीयांनी पुढे पत्रकारांना सांगितले की डोक्यावर घोंघावण्याचा आवाज आला, वर पाहिले तर ड्रोन होते, आणि स्फोट झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत हैदराबादच्या एका तरुणाच्या मृत्यूची बातमी आली. मागे लहान मुले होती. जानेवारी २०२५ मध्ये केरळच्या एका तरुणाची आली.

मार्च २०२४ मध्ये सीबीआयने गुन्हा नोंदवून सात शहरांत तेरा ठिकाणी छापे घातले. दिल्ली, चेन्नई, तिरुवनंतपुरम यांबरोबर त्यांत आपली मुंबईही होती. जुलै २०२४ मध्ये पंतप्रधान मॉस्कोला गेले तेव्हा हा प्रश्न त्यांनी तिथे काढला आणि त्यानंतर सुटका सुरू झाली. जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र खात्याने सांगितले की रशियन फौजेत गेलेल्या १२६ भारतीयांची माहिती मिळाली असून ९६ परत आले, १२ मेले आणि १६ जणांचा पत्ता लागत नाही. एवढे होऊनही भरती थांबली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये परराष्ट्र खात्याला पुन्हा जाहीर इशारा द्यावा लागला की अशा भुलाव्याला कुणी बळी पडू नये.

'पत्ता लागत नाही' हे दोन-तीन शब्द वर्तमानपत्रात लहान दिसतात. पण ज्या घरात प्रेतही आलेले नाही, त्या घरी पुण्यानुमोदन तरी कोणत्या दिवशी करायचे? बायकोने स्वतःला काय समजायचे? आई रोज फोनकडे बघत बसते. ड्रोनच्या लढाईत असे बेपत्ता होणारे अधिक, कारण मेलेल्याला उचलायला जो जाईल त्यालाही वरचे यंत्र टिपते. जखमी तासन्‌तास पडून राहतो. जवळ असलेला सोबती त्याची भाषा जाणणारा असेलच असे नाही. शेवटचे पाणी मागायचे तरी कोणत्या भाषेत?

मुलींच्या आईबापांनीही ऐकावे

पोरगी लढाईला थोडीच जाणार, असे म्हणून हा लेख मिटू नका. रशियाच्या तातारस्तान प्रांतात अलाबुगा नावाची मोठी औद्योगिक वसाहत आहे. इराणी बनावटीच्या 'शाहेद' या लांब पल्ल्याच्या ड्रोनची तिथे निर्मिती होते. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये उघडकीस आणले की युगांडा, रवांडा, केनिया, नायजेरिया, श्रीलंका अशा देशांतून अठरा ते बावीस वर्षांच्या सुमारे दोनशे मुली तिथे आणलेल्या आहेत. त्यांना समाजमाध्यमांवरील जाहिरातींतून हॉटेलातील काम, खानपान सेवा आणि सोबत शिक्षण असे सांगितले होते. विमानाचे तिकीट फुकट. पोहोचल्यावर हाती आले ड्रोन जोडण्याचे काम. दाहक रसायनांनी कातडीला खाज सुटते, बारीक छिद्रे पडतात, असे काहींनी सांगितले. आणि कारखाना युद्धाचा म्हटल्यावर त्याच्यावर हल्ला होणारच. २ एप्रिल २०२४ रोजी युक्रेनचे ड्रोन तिथल्या वसतिगृहावर आदळून माणसे जखमी झाली.

एका गरीब घरच्या मुलीने जोडलेले ड्रोन दुसऱ्या गरीब घरावर पडते, आणि त्या घरचे ड्रोन हिच्या वसतिगृहावर. दोघींपैकी कुणालाही हे युद्ध हवे होते काय?

"आपण तर सैनिकांची लेकरे"

मावशीच्या मुलाशी आम्ही बोलायला बसलो तेव्हा त्याने आम्हाला बिनतोड वाटेल असा सवाल टाकला. "काका, आपल्या घराण्यात पणजोबा पलटणीत होते. बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते. मग आम्ही फौजेला का भ्यायचे?"

प्रश्न योग्य आहे आणि उत्तरही नीट दिले पाहिजे. आपल्या पूर्वजांनी लष्करात नाव कमावले हे खरे. पलटणीत गेलेल्या घरांत अक्षरओळख आली, ताठ मानेने चालण्याची सवय आली. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिकवीत होते, ही गोष्ट आपल्या साऱ्या इतिहासाच्या मुळाशी आहे. परंतु त्याच इतिहासाचे दुसरे पान विसरू नये. ज्या इंग्रज सरकारने महार शिपायांच्या शौर्यावर लढाया जिंकल्या, त्याच सरकारने १८९२ साली त्यांची भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली महारांची पलटण उभारली आणि युद्ध संपताच काही वर्षांत मोडून टाकली. गरज पडली की बोलवा, गरज सरली की घालवा! दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली ती बाबासाहेबांनी नेटाने पाठपुरावा केला म्हणून, आणि ती टिकली.

त्या रेजिमेंटमधला आजचा जवान आपल्या देशाचा नागरिक म्हणून उभा आहे. त्याला पगार, पेन्शन, रजा, इस्पितळ आणि दाद मागायला न्यायालय आहे. तो मेला तर तिरंग्यात गुंडाळून गावी येतो. आणि परक्याच्या युद्धात फसवून नेलेला मुलगा? त्याला ना त्या मातीची ओढ, ना त्या भांडणाची माहिती, ना करारातला एक शब्द वाचता येतो. रशियात २०२२ च्या सैन्यभरतीच्या हुकुमानंतर लष्करी करारांची मुदत संपली तरी सैनिकाला सोडायचे नाही असा नियम झाला. म्हणजे सही करताना जे एक वर्ष ऐकले, त्याचा शेवट सही करणाऱ्याच्या हाती राहत नाही. पहिली सैनिकी परंपरा आहे. दुसरी वेठबिगारी आहे, फक्त गणवेशातली.

आम्ही त्या मुलाला एवढेच म्हणालो, "बाळा, तू भितोस असे कुणी म्हणत नाही. तुझी किंमत कुणी लावली आहे, हे आम्ही विचारतो."

घरातल्यांनी काय पाहावे

परदेशी कामाला जाऊच नये असे आमचे म्हणणे नाही. आखातात, इतर देशांत जाऊन आपल्या कित्येक बांधवांनी घरे बांधली, मुले शिकविली. परंतु पाय उचलण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी बसून काही गोष्टी पडताळाव्यात.

पहिली गोष्ट, दलाल नोंदणीकृत आहे काय? १९८३ च्या कायद्याप्रमाणे परदेशी नोकर भरती करणाऱ्याला परराष्ट्र खात्याकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी क्रमांक मागा आणि खात्याच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर तो तपासा. स्वतःला जमत नसेल तर वस्तीतल्या कॉलेजच्या पोराला बसवा. मुंबईत उत्प्रवासी संरक्षकाचे सरकारी कार्यालय आहे, तिथे जाऊन विचारा. दुसरी गोष्ट, नोंदणीकृत दलालालासुद्धा तीस हजार रुपये आणि त्यावरील करापेक्षा अधिक शुल्क घेता येत नाही. जो तीन लाख मागतो, तो तिथेच उघडा पडतो. तिसरी, नोकरीसाठी नोकरीचाच व्हिसा लागतो. पर्यटनाच्या किंवा शिक्षणाच्या व्हिसावर कामाला चला म्हणणारा फसवतो आहे असे समजावे. चौथी, न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करू नये. भाषांतर हातात पडल्याशिवाय घर सोडू नये. पाचवी, पासपोर्टच्या आणि कराराच्या झेरॉक्स प्रती आईजवळ ठेवाव्यात. त्या देशातील भारतीय वकिलातीचा फोन घरातल्या भिंतीवर लिहून ठेवावा.

आणि कुणी आधीच गेला असेल, त्याचा फोन बंद पडला असेल, तर लाजेने गप्प बसू नका. लोक काय म्हणतील म्हणून थांबू नका. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, परराष्ट्र खात्याच्या 'मदद' या संकेतस्थळावर नोंद करा, खासदाराच्या दारात जा. जे ९६ जण परत आले, त्यांतल्या कितीकांच्या मागे ओरड करणारे घर होते. पंजाबात, केरळात, तेलंगणात आईबाप आणि भाऊ रस्त्यावर आले, दिल्लीला गेले, म्हणून सरकार हलले.

शेवटी इतकेच

बाबासाहेबांनी दिलेल्या संविधानातील २३ वे कलम आपल्यापैकी फार थोड्यांना पाठ असेल. माणसांचा व्यापार आणि वेठबिगार यांना ते मनाई करते. आपल्या पूर्वजांचे फुकट राबणे ज्यांनी पाहिले होते त्यांच्या देखरेखीखाली ते कलम लिहिले गेले. आज तोच व्यापार विमानाच्या तिकिटासह आणि मोबाईलवरच्या रंगीत जाहिरातीसह दारात आला आहे. ड्रोनवाल्याच्या हिशेबात चाळीस हजारांचे एक यंत्र गेले तर दुसरे येते. सेनापतीच्या हिशेबात परदेशातला एक गरीब गेला तर दुसरा येतो. दोघांचीही गणती वहीच्या एकाच रकान्यात होते. आईच्या हिशेबात मात्र दुसरा येत नाही.

मावशीचा मुलगा गेला नाही. दलालाचा नोंदणी क्रमांक मागितला तेव्हा त्याने आधी टोलवाटोलवी केली आणि मग फोन उचलणेच बंद केले. मुलगा आमच्यावर काही दिवस रुसला होता. त्याचा राग आम्हाला समजतो. बारा हजारांत संसार होत नाही, हे आम्हीही जाणतो. नुसते "जाऊ नको" म्हणून कुणाचे पोट भरत नाही. त्याला कायम नोकरी मिळावी, कंत्राटाचा फास सुटावा, यासाठी ओरडणे हेही आपलेच काम आहे. तो अजून त्याच कारखान्यात आहे आणि सरकारी भरतीच्या परीक्षेचा अभ्यास करतो आहे. लागेल की नाही, आम्ही सांगू शकत नाही.

परवा मावशी भेटली. कानात तिचे कानातले होते. म्हणाली, "भाऊ, पोरगा रात्रपाळीवरून उशिरा आला की जीव वरखाली होतो. पण दार वाजले की कळते, आला."